मोठे वर्तुळ नको, दहाव्या धुण्यानंतरचा आकडा दाखवा

प्रति,
मुंबई-ठाण्यातले नैसर्गिक रंगांचे कापड विकणारे ब्रँड, प्रदर्शनांत स्टॉल लावणारे बचतगट आणि त्यांना माल रंगवून देणारे प्रोसेसवाले

सप्रेम नमस्कार.

हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो आणि उन्हात टाकला की उडतो, हे महाराष्ट्रात कुणाला शिकवावे लागत नाही. तरीही हळदीत रंगवलेला सुती कुर्ता ‘जिवाणूरोधक, धुण्याला टिकाऊ’ अशी चिठ्ठी लावून विकला जातो. हे पत्र त्या चिठ्ठीबद्दल आहे. वनस्पतींच्या रंगांत आणि अर्कांत जिवाणूंना आवरण्याची ताकद असते, याबद्दल आमचा वाद नाही. ती ताकद कापडावर किती उतरते आणि किती धुण्यांपर्यंत राहते, हे मोजल्याशिवाय छापू नका, एवढेच मागणे आहे. मोजायचे कसे आणि मोजण्याजोगे कापड आधी करायचे कसे, ते पुढे लिहिले आहे.

आधी अशा कापडाबरोबर दाखवल्या जाणाऱ्या फोटोबद्दल. काचेच्या बशीत जिवाणूंची दाट वाढ, मध्ये कापडाचा तुकडा आणि त्याभोवती स्वच्छ वर्तुळ. वर्तुळ जितके मोठे तितके कापड चांगले, असे ग्राहकाला सांगितले जाते. खरे तर ते वर्तुळ कापडातून बाहेर पडलेल्या अर्काचे असते. अर्क तुकड्यातून सुटला आणि आजूबाजूच्या ओल्या अगारमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीत) पसरला, म्हणून तिथे वाढ झाली नाही. जो अर्क बशीत इतक्या सहज सुटतो, तो बादलीतही सुटणार. उलट, घट्ट बसलेला अर्क बाहेर पसरत नाही, त्यामुळे वर्तुळ जवळजवळ दिसत नाही. अशा तुकड्याखाली वाढ झाली की नाही, ते तुकडा उचलून पाहावे लागते. या धंद्यातली मूळ ओढाताण हीच आहे: सुटणारे द्रव्य काम करते पण जाते, बसणारे राहते पण त्याचे काम मंदावते, कारण जिवाणूवर जाऊन चिकटणारे फिनॉलचे गट तुरटीच्या ॲल्युमिनियमला नाहीतर धाग्यालाच बांधले गेलेले असतात. या दोन्हींच्या मधली जागा शोधणे म्हणजेच फिनिशिंग.

आता कच्चा माल. कडुनिंब आणि तुळस ही दोन नावे चिठ्ठीवर सर्वांत जास्त दिसतात आणि नेमकी हीच दोन सर्वांत कमी टिकतात. कडुनिंबाची लिमोनॉइड द्रव्ये पाण्यात फारशी उतरत नाहीत. पाला उकळून मिळते ते हिरवट तपकिरी पाणी, त्यात बाकीचेच जास्त. त्यांतले ॲझाडिरॅक्टिन तर उजेडात आणि अल्कलीत मोडते. तुळशीतले युजेनॉल उडून जाणारे तेल आहे. स्टेंटरवर (कापड ताणून गरम हवेत वाळवणाऱ्या यंत्रावर) 150 अंशांना कापड फिरवताना कारखानाभर छान वास सुटतो, तेव्हा तुमचे फिनिश धुराड्यातून निघून चाललेले असते. हळदीचे वर आलेच. मेंदीतले लॉसोन लोकर आणि रेशमावर चांगले बसते, सुतावर कसेबसे. दारुहळदीतले बर्बेरिन मात्र वेगळे. वनस्पतिरंगांत धन प्रभाराचा रंग विरळा, आणि हा तसा आहे. टॅनिन लावलेल्या सुताला तो धरून राहतो. त्याची उन्हातली टिक कमी, एवढे ध्यानात ठेवावे.

सुतासाठी आमची पसंती टॅनिनवाल्यांना: डाळिंबाची साल, हिरडा, बाभळीची साल, कात. टॅनिन प्रथिनांना चिकटते. कातडे कमावताना होते तेच जिवाणूच्या बाहेरच्या भिंतीवर होते. शिवाय हे द्रव्य सुतावर इतरांपेक्षा बरे बसते. मालाची टंचाईही नाही. हिरडा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतून येतो, कात चिपळूणकडून, डाळिंब सोलापूरकडून. मुंबईत तर साल रोज फेकली जाते. वाशीच्या फळबाजाराजवळ किंवा कुठल्याही मोठ्या ज्यूस सेंटरवर सांगून ठेवले तर साल मिळते. फक्त ती त्याच दिवशी उचलून पसरायला हवी. ओली साल गोणीत भरून दोन दिवस ठेवली की बुरशी धरते, आणि जिवाणूरोधक कापडाची सुरुवात बुरशीने व्हावी यासारखा विनोद नाही. दादरच्या फुलबाजारातला झेंडू, नाहीतर कांद्याची साल रंगासाठी जरूर वापरा, पिवळा आणि तांबूस सुरेख येतो. पण त्यांच्या भरवशावर जिवाणूंचा दावा करू नका.

पुढचे प्रमाण एक किलो सुती कापडासाठी आहे. सगळे टक्के कोरड्या कापडाच्या वजनावर धरले आहेत.

ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेले कोरे कापड आणले असेल तर त्यावर खळ असते. ती आधी काढा: अमायलेज एन्झाइम, 60 अंश, एक तास. पुरवठादाराने दिलेली मात्रा पाळा. मग स्कावरिंग, म्हणजे सुतातले मेण-तेल काढणारी उकळ: लिटरला 4 ग्रॅम धुण्याचा सोडा, 1 ग्रॅम उदासीन साबण, उकळत्या पाण्यात दीड तास, नंतर गरम पाण्याने आणि मग थंड पाण्याने खळाळून धुणे. कापड वाळल्यावर त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. पाच सेकंदांत जिरला तर पुढे जा, नाही जिरला तर पुन्हा उकळा. ढगाळ, डागाळ रंगाच्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा याच पायरीत सापडते, आणि दोष मात्र हिरड्याला दिला जातो.

हिरडा 20 टक्के, म्हणजे 200 ग्रॅम पूड. हिरड्यात टॅनिन साधारण 30 टक्क्यांच्या आसपास भरते, पण फळ किती कोवळे उतरवले यावर ते कमीजास्त होते. पूड रात्रभर भिजवा, सकाळी गाळा, एकूण पाणी 20 लिटर करा. कापड 50 ते 60 अंशांना एक तास हलवत ठेवा, पिळा आणि न धुता सावलीत वाळवा. न धुता हे महत्त्वाचे आहे, कारण या वेळी टॅनिन नुसते चिकटलेले असते. बसलेले नसते. वाळल्यावर कापडाच्या चार कोपऱ्यांवर आणि मध्यभागी एक टक्का हिराकसाच्या (लोहाच्या क्षाराच्या) पाण्याचा एकेक थेंब टाका. काही मिनिटांत निळसर काळा डाग चढतो. पाचही डाग सारखे गडद असले तर टॅनिन सगळीकडे सारखे बसले. (काताने केलेल्या कापडावर हाच डाग हिरवट काळा येतो, कारण त्यातल्या टॅनिनची जात वेगळी. पुरवठादाराने हिरड्याच्या नावाखाली दुसरेच काही दिले असेल तर तेही इथे कळू शकते.) हा तुकडा वाया जाईल म्हणून वेगळी पट्टी सोबत टाकलेली बरी.

तुरटी 15 टक्के, म्हणजे 150 ग्रॅम, आणि धुण्याचा सोडा 20 ग्रॅम. तुरटीचे पाणी आम्लधर्मी असते. त्यात सोड्याचे पाणी हळूहळू सोडले की फेस येतो, आणि फेस बसल्यावर ॲल्युमिनियम सुतावर जास्त चांगले उतरते. सोडा घाईने ओतला किंवा जास्त झाला तर पाणी दुधाळ होऊन ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा साका तळाशी बसतो. मग कापडावर खडूसारखी भुकटी लागते, आणि पुढचा रंग त्या भुकटीवर चढून पहिल्या धुण्यात तिच्यासकट निघतो. कापड 50 ते 60 अंशांना पाऊण तास ठेवा, पिळून ओलसरच एक रात्र झाकून ठेवा, सकाळी एकदाच साध्या पाण्यातून काढा.

आता डाळिंबाची साल: 40 टक्के, 400 ग्रॅम, सावलीत कडकडीत वाळवलेली आणि जाडसर दळलेली. ती चार लिटर पाण्यात रात्रभर भिजवून 80 ते 85 अंशांना एक तास ठेवा. उकळी फुटू देऊ नका, रंग मळकट होतो. मलमलीतून दोनदा गाळा आणि उडालेले पाणी भरून पुन्हा चार लिटर करा. मग एक पायरी, जी बहुतेकजण गाळतात: यातले 10 मिलिलिटर आधी वजन केलेल्या काचेच्या बशीत घेऊन 105 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. मागे राहिलेल्या वजनावरून अर्कात घन द्रव्य किती ते कळते. आंबिया बहाराची साल, मृग बहाराची साल, ज्यूसवाल्याची साल, सगळ्यांची उतार वेगळी. रंग डोळ्यांना सारखा दिसला म्हणून द्रव्य सारखे नसते. दर लॉटला ‘40 टक्के साल’ लिहिण्यापेक्षा ‘कापडाच्या वजनावर इतके घन द्रव्य’ असे लिहा, म्हणजे मे महिन्यातला माल आणि नोव्हेंबरातला माल एकच राहील. अर्क त्याच दिवशी वापरा. मुंबईच्या उकाड्यात तो दुसऱ्या दिवशी आंबायला लागतो.

अर्कात पाणी घालून 20 लिटर करा, कापड कोमट पाण्यात भिजवून आत सोडा, अर्ध्या तासात तापमान 80 अंशांवर न्या आणि तिथे एक तास ठेवा. आच बंद करून त्याच पाण्यात थंड होऊ द्या, सावलीत वाळवा. लगेच धुवू नका, निदान दोन दिवस जाऊ द्या. मग लिटरला एक ग्रॅम उदासीन साबणाने 50 अंशांना पंधरा मिनिटे, आणि पाणी नितळ येईपर्यंत धुणे. हे धुणे वाचवून माल विकला तर ग्राहकाच्या घरचे पहिले धुणे तुमची सगळी कमाई पाण्यात घालवते. भांडे सगळीकडे स्टीलचे. लोखंडी कढईत पिवळा रंग करडा होतो, आणि तांब्याबद्दल पुढे येईलच.

पाण्याबद्दल मुंबईकरांनी दोन गोष्टी बघाव्यात. पालिकेचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा जलाशयांतून येते. ते तसे मृदू असते, रंगाला उत्तम. त्यात क्लोरीन असते, म्हणून पिंपात रात्रभर उघडे ठेवून वापरा. बोअरवेल आणि टँकरच्या पाण्याची मात्र खात्री नाही. त्यात लोह असले तर टॅनिन लावलेले कापड आपोआप राखाडी पडते, क्षार जास्त असले तर तुरटीचा साका लवकर बसतो. पाणी बदलले की आधी लहान तुकडा रंगवून बघा. दुसरे म्हणजे जून ते सप्टेंबर. सावलीत वाळवायचे म्हणजे पंख्याखाली वाळवायचे. हिरड्याचे ओले कापड पावसाळी हवेत दोन दिवस लोंबत राहिले तर त्यावर काळे ठिपके येतात. जिवाणूंवर चालणारे द्रव्य बुरशीवर चालेलच असे नाही, आणि बुरशीची चाचणी वेगळी असते.

करडा रंग हवा म्हणून हिराकस मारणार असाल तर एक ते दोन टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. जास्त लोहाने सूत कालांतराने कुजल्यासारखे फाटते. मोरचूद (तांब्याचा क्षार) टाकू नका, आणि पोटॅशियम डायक्रोमेटला तर हातही लावू नका, त्यातले सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोगकारक आहे. मोरचुदाची अडचण दुहेरी आहे. पहिली त्वचेची: ओको-टेक्स स्टँडर्ड 100 या कापड-सुरक्षेच्या मानकानुसार लहान बाळांच्या कापडातून निघू शकणारे तांबे किलोला 25 मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. दुसरी प्रामाणिकपणाची: तांबे स्वतःच जिवाणू मारते. मोरचूद लावलेल्या डाळिंबी कापडाचा निकाल झकास येतो, आणि श्रेय जाते डाळिंबाला.

इतके करून वर सांगितलेले कापड किती टिकते? घरच्या पावडरीने धुतल्यावर पहिल्या पाचेक धुण्यांतच सर्वांत मोठी घट होते. आपल्याकडच्या कपड्यांच्या पावडरी अल्कधर्मी असतात, आणि टॅनिनला अल्कली सोसत नाही. टिक वाढवायचे तीन रस्ते आहेत, तिन्हीला किंमत मोजावी लागते.

पहिला, सायट्रिक आम्लाचा पूल. अर्कात 6 टक्के सायट्रिक आम्ल आणि 5 टक्के सोडियम हायपोफॉस्फाइट मिसळून पॅडिंग मँगलवर (कापड बुडवून रुळांत पिळणाऱ्या यंत्रावर) दोनदा बुडवणे, दोनदा पिळणे, पिक-अप, म्हणजे कापडाने उचललेले द्रावण, 80 टक्के. 85 अंशांना पाच मिनिटे वाळवणे, 150 अंशांना तीन मिनिटे क्युअरिंग (उष्णतेने पक्के करणे). आम्लाचा एक हात सेल्युलोजला धरतो, दुसरा टॅनिनला. पिक-अपचा हिशेब विसरू नका: बाथमध्ये लिटरला 60 ग्रॅम घन द्रव्य आणि पिक-अप 80 टक्के, म्हणजे कापडावर साधारण 4.8 टक्केच आले, 6 नव्हे. क्युअरिंगला कापड पिवळे पडते. डाळिंबाच्या पिवळ्यावर ते खपून जाते, पांढऱ्यावर दिसते. शिवाय ताकद घटते, म्हणून आधी आणि नंतर ताण-चाचणी करून घ्या. घरगुती इस्त्री हा स्टेंटरला पर्याय नाही. ती कुठे 120 अंश असते, कुठे 180, आणि तीन मिनिटे एका जागी कुणी ठेवत नाही.

दुसरा, कायटोसान. हे कोळंबीच्या टरफलांपासून होते, म्हणजे वनस्पतिजन्य नाही, आणि शाकाहारी ग्राहकाला ते सांगावे लागेल. एक टक्का ॲसेटिक आम्लात एक टक्का कायटोसान विरघळवून कापडाला आधी लावायचे. त्याच्या धन प्रभारामुळे टॅनिन घट्ट बसते. कापड हाताला जरा कडक लागते, आणि द्रावण गाळले नाही तर कापडावर चिकट ठिपके उमटतात. कायटोसानही आपल्या बळावर जिवाणूंना आवरते, हे तपासणीच्या वेळी आठवा.

तिसरा, सूक्ष्म कुप्या, मुख्यतः कडुनिंब-तुळशीच्या तेलांसाठी. जिलेटिन आणि बाभळीचा डिंक, 50 अंश, तेल घुसळून थेंब बारीक करायचे, आम्लता (पीएच) चार-साडेचारवर आणायची आणि हळूहळू गार करायचे: तेलाच्या थेंबाभोवती पापुद्रा जमतो. तो कडक करायला सर्रास ग्लुटाराल्डिहाइड हे कृत्रिम रसायन वापरतात. नैसर्गिकाच्या नावाने हे करण्यात अर्थ नाही. टॅनिनही जिलेटिन कडक करते, हिरड्याचाच अर्क वापरून बघा. कुप्या कापडावर बाइंडरने चिकटवाव्या लागतात आणि बाइंडर सहसा ॲक्रिलिक असतो, तोही चिठ्ठीवर यायला हवा. चोळून धुतल्यावर कुप्या फुटतात. त्या फुटण्यासाठीच असतात, पण मग ‘कायमस्वरूपी’ हा शब्द लिहिता येत नाही.

आता तपासणी. प्रयोगशाळेत कापड नेऊन ‘अँटीबॅक्टेरियल टेस्ट करा’ एवढेच सांगितले तर समोरचा स्वस्तातली वर्तुळाची चाचणी करून देईल, आणि चूक त्याची नाही. मागायची ती संख्यात्मक चाचणी: एएटीसीसी (अमेरिकेतली वस्त्ररसायन तंत्रज्ञांची संघटना) 100 किंवा आयएसओ 20743. दोन्हींत ठरावीक संख्येने जिवाणू कापडावर सोडतात, 18 ते 24 तास उबेत ठेवतात, मग धुऊन काढून जिवंत किती राहिले ते मोजतात. आयएसओच्या मोजणीत फरक 2 लॉगच्या वर गेला तर परिणाम लक्षणीय, 3 किंवा पुढे गेला तर तीव्र समजतात. लॉग म्हणजे काय ते साधे आहे. एक लाखाचे दहा हजार राहिले की 1 लॉग, म्हणजेच 90 टक्के घट. हजार राहिले की 2, शंभर राहिले की 3. ‘90 टक्के जिवाणू नष्ट’ हे वाचायला भारदस्त वाटते, पण अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. दहा हजारांचे पुन्हा एक लाख व्हायला तासाहून थोडाच जास्त वेळ लागतो. चर्चगेटहून विरारच्या लोकलला याहून जास्त वेळ लागतो.

दोन्ही जातींचे जिवाणू मागा. स्टॅफिलोकोकस ऑरियस ग्राम-पॉझिटिव्ह आहे आणि टॅनिनपुढे लवकर नमतो. ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला न्यूमोनिए ग्राम-निगेटिव्ह आहेत, त्यांना बाहेर आणखी एक आवरण असते आणि ते सहजी दाद देत नाहीत. एकट्या स्टॅफचा निकाल लावून ‘सर्व जिवाणूंवर प्रभावी’ लिहिणे म्हणजे एका विषयाच्या गुणांवर पूर्ण निकाल लावणे.

प्रयोगशाळेला विचारायचा एक प्रश्न: न्यूट्रलायझर कोणता वापरता, आणि तो टॅनिनला निष्प्रभ करतो हे पडताळले आहे का? ठरलेला वेळ संपल्यावर अर्काचे काम तिथेच थांबले पाहिजे. नाहीतर मोजणीच्या बशीतही तो जिवाणूंना वाढू देत नाही आणि आकडा फुगतो. दुसरा: नमुना निर्जंतुक कसा करता? ऑटोक्लेव्हच्या वाफेत रंग बदलला तर तपासले गेले ते कापड तुमचे राहिले नाही.

नमुने निदान सहा द्या: (1) फक्त स्कावर केलेले पांढरे कापड, (2) हिरडा आणि तुरटी लावलेले, बिनरंगाचे, (3) पूर्ण तयार, (4) तेच पाच धुण्यांनंतर, (5) दहा धुण्यांनंतर, (6) सायट्रिक किंवा कायटोसान वापरले असेल तर तेवढेच लावलेले, अर्काशिवाय. दुसरा आणि सहावा नमुना बहुतेकजण पैसे वाचवायला वगळतात, आणि मग काम हिरड्याने केले, आम्लाने केले की डाळिंबाने, हे कुणालाच कळत नाही. पहिल्या नमुन्यावर जिवाणू वाढलेच पाहिजेत. तिथेही कमी झाले तर चाचणीच बाद. सगळे तुकडे एकाच लॉटचे, काठाजवळचे आणि मधले दोन्ही. खळ नको, सॉफ्टनर तर मुळीच नको. बाजारातले बहुतेक सॉफ्टनर कॅटायनिक (धन प्रभाराचे) असतात, त्यातले चतुर्थक अमोनियम संयुग जिवाणूंवर चालणाऱ्या जंतुनाशकांच्याच कुळातले. प्रोसेस हाऊसने आधीच्या लॉटचा सॉफ्टनर टाकीत शिल्लक ठेवला असेल तर तुमचा ‘हर्बल’ निकाल त्याच्या कृपेने येऊ शकतो.

धुणीही ठरल्या पद्धतीनेच. एएटीसीसी 61 ची 2ए पद्धत घ्या: 49 अंश, पोलादी गोळ्या, 45 मिनिटे, आणि हे एक धुणे घरच्या पाचांइतके धरतात. धुतल्यावर नीट खळाळा. उरलेला साबणही जिवाणू मारतो. मुंबईत यासाठी बाहेरगावी जायची गरज नाही. घाटकोपरची बीटीआरए, वरळीची सस्मिरा आणि माटुंग्याची सिरकॉट, या तिन्ही संशोधन संस्था लोकलच्या अंतरावर आहेत. जाण्याआधी कोणती पद्धत, कोणते जिवाणू, किती कापड लागेल हे फोनवर विचारून घ्या. बचतगटांनी चार-पाच जणींत एकच पाककृती ठरवून खर्च वाटून घेतला तर तो आवाक्यात येतो. फक्त मग पाककृती खरोखर एकच ठेवावी लागते.

रुग्णालयांना चादरी आणि गाऊन पुरवण्याची स्वप्ने काहीजण पाहतात. त्यांना आमचा सल्ला: सध्या नको. रुग्णालयाचे कापड खूप गरम पाण्यात आणि बऱ्याचदा हायपोक्लोराइटने (क्लोरीनच्या ब्लीचने) धुतात. क्लोरीन टॅनिनला जाळते, रंग जातो, आणि रंगाबरोबर गुणही. या कापडाची योग्य जागा वेगळी आहे. घामाला स्वतःचा वास नसतो, त्याला वास आणतात ते त्वचेवरचे जिवाणू. म्हणून कुर्त्याच्या काखेतले अस्तर, मोजे, बुटातला तळ, उशीचे अभ्रे, डबा गुंडाळायचे फडके इथे 2 लॉगचे, दहा धुणी टिकणारे कापडही उपयोगी पडते. पूर्ण कुर्ता रंगवण्यापेक्षा नुसते अस्तर नीट करणे स्वस्त पडते आणि मोजायलाही सोपे.

कायद्याची बाजू थोडक्यात. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 2024 मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांबद्दल वेगळी मार्गदर्शक तत्त्वेही आली आहेत. युरोपात माल पाठवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे: जिवाणूंचा दावा केला की 2012 चा जैवनाशक नियम लागू होतो, आणि ‘पण हे तर झाडाचे आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही. मोजलेच नसेल तर ‘डाळिंबाच्या सालीत आणि हिरड्यात रंगवलेले सुती कापड’ एवढे लिहा. या वाक्यावर कुणी आक्षेप घेणार नाही, आणि ते विकलेही जाते.

मोजले असेल तर चिठ्ठी अशी हवी: ‘डाळिंबाची साल, हिरडा, तुरटी. आयएसओ 20743, स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि क्लेब्सिएला न्यूमोनिए, दहा धुण्यांनंतर फरक अमुक लॉग. लॉट क्रमांक तमुक. उदासीन साबणाने, थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, ब्लीच नको.’ अमुकच्या जागी दोन जिवाणूंचे दोन वेगळे आकडे. एक चांगला आणि एक वाईट आला तरी दोन्ही. आणि प्रत्येक लॉटचे अर्धा मीटर कापड काळ्या कागदात गुंडाळून, तारीख आणि घन द्रव्याचा आकडा लिहून दोन वर्षे जपून ठेवा. तक्रार आली की तुलना त्याच्याशी करता येईल.

आपले,
रंगशाळा आणि तपासणीचे टेबल, दोन्हींशी रोजचा संबंध असलेले मुंबईतले काही वस्त्ररसायन तंत्रज्ञ